जाऊन-येऊन सत्तर

पारोळा ते धुळे, जाऊन-येऊन सत्तर.
महिन्याचे पंचवीस दिवस धरले
आणि लिटरला वीस,
तर साडेसत्याऐंशी लिटर.
हिशेब एका जुन्या रिपोर्टच्या पाठीवर केला,
पुढे कुणाचं तरी हिमोग्लोबिन : नऊ पॉइंट दोन.

बारा वर्षं एस.टी.नं गेले.
फागण्यापर्यंत उभ्या उभ्या झोपायला शिकले.
आता पगारातून सुटेल तेवढ्या हप्त्यात
पाच माणसं, एक गॅसची टाकी
आणि मे महिन्यात थंड हवा
एवढं बसलं पाहिजे.
रंग कुठलाही.

पहिली गाडी साक्री रोडला.
विकणारा सगळं हिरामणला सांगत होता,
ज्याला सायकलशिवाय काही चालवता येत नाही.
बारकूआबांनी बॉनेटवर तळहात ठेवला,
पोराच्या कपाळावर ठेवावा तसा,
आणि काढून घेतला.
"आपन येवाना पहिलेच चालू करेल शे.
थंडी उठत नही व्हई."

दुसरीच्या मीटरवर चाळीस हजार
आणि क्लचच्या पेडलचं रबर
देवळाच्या पायरीसारखं झिजलेलं.
तिसरीच्या फिल्टरमधून कापूस निघाला
मूठभर;
जिनिंगच्या दारातच उभी असायची म्हणे.
डिकीत केळीचे डाग.
केळीचा डाग लुगड्यावरून जात नाही,
गालिच्यावरून कुठून जाणार?
हिरामण म्हणाला, स्वस्त आहे पण.
आबांनी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

चौथी भुसावळला.
तायडेकाका, रेल्वेतून निवृत्त,
तीस वर्षं मालगाड्यांची डिझेल इंजिनं हाकलेली.
काचबिंदू झालाय म्हणून विकतोय,
हे आधी सांगितलं,
चहा नंतर.
बॉनेट गार.
पिवळा दिवा विझेपर्यंत त्यांनी चावी फिरवू दिली नाही.
मग एक खाकरा, चिमूटभर काळा धूर,
आणि आवाज जागच्या जागी बसला.

आबांनी तेलाची काडी उपसली
आणि माझ्या हातात दिली.
"तू रगत दखस ना ओ बहिन? हाई बी दख."

दोन बोटांत घेतलं.
काळं होतं; डिझेलचं तेल काळंच असतं,
त्याला घाबरू नये.
चिकटपणा होता. कच नव्हती,
जळका वास नव्हता, दुधाळ फेस नव्हता.
उन्हाकडे धरलं, काचपट्टी धरते तसं.
तायडेकाका माझ्या तोंडाकडे बघत होते,
लॅबच्या खिडकीबाहेर नातेवाईक बघतात
अगदी तसे.
चांगलं आहे, मी म्हणाले,
तेव्हा त्यांनी श्वास सोडला.

मग वही निघाली. भरलेल्या प्रत्येक डिझेलची.
१४ जानेवारी, ३१ लिटर, यावल.
२ मे, ३४ लिटर, सुनंदाला दवाखान्यात.
५ मे, दवाखाना.
९ मे. लिटर नाहीत, नुसते किलोमीटर.
पुढे दीड पान कोरं,
मग पुन्हा यावल.
मी सरासरी काढली : एकोणीस पॉइंट सहा.
दुसरं काही विचारलं नाही.

दहा हजार त्यांनी आपणहून सोडले.
चावी देताना म्हणाले,
पोचल्यावर लगेच बंद करू नका.
अर्धा मिनिट तशीच राहू द्या.
आत टर्बो फिरत असतो,
त्याला थांबायला वेळ लागतो.

आता रोज सव्वानऊला
सिव्हिलच्या मागे, लिंबाखाली,
हँडब्रेक ओढते आणि बसून राहते.
समोर रांग लागलेली,
हातात बाटल्या, कुणी उपाशीपोटी.
वॉचमन खुणावतो : मॅडम, चालूच आहे.
मी मान हलवते.
तीस मोजते.
कधीकधी चाळीस.